आंबट नावाचा किनारा

गेल्या महिन्याच्या अंकात मी जहाजावरच्या भटारखान्याबद्दल लिहिलं तेव्हा वाटलं होतं, दोन-चार पत्रं येतील. आली एकवीस. आणि त्यातली निम्मी एकाच गावाबद्दल, कारण मी ओझरतं लिहून गेलो होतो की ब्राझीलमधलं बुझिओस हे माझं सगळ्यात आवडतं बंदर. नवीन वाचकांसाठी सांगतो: मी चौदा वर्षं प्रवासी जहाजांवर जेवणाच्या विभागात होतो, त्यातले चार हंगाम ब्राझीलच्या किनाऱ्यावर. आता नागपूरला मनीषनगरात मेस चालवतो. म्हणजे वाढण्याचं काम तेच, फक्त जमीन हलत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. मुलगा साओ पाउलोला नोकरीला आहे. त्याने जानेवारीत सांतोसहून निघणाऱ्या सात दिवसांच्या क्रूझची आमची तिकिटं काढली आहेत. त्याला सुटी नाही, आम्ही दोघंच जाणार. जहाज एक दिवस बुझिओसला थांबणार आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. समुद्र आम्ही गणपतीपुळ्याला पाहिला तेवढाच. ह्यांचा गुडघा दुखतो. मी साडीच नेसते. दहा तासांत काय काय पाहून होईल? जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण फिरावं?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : काकू, आधी ते दहा तास डोक्यातून काढा. बुझिओसला मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. जहाज खाडीत नांगर टाकून उभं राहतं आणि माणसं लहान बोटींनी गावाच्या धक्क्यावर जातात. त्या बोटीला जहाजावर सगळे टेंडर म्हणतात. जहाजात तीन हजार माणसं असतील आणि एका टेंडरमध्ये शंभर-सव्वाशे मावत असतील, तर गणित तुम्हा शिक्षकांना मी काय शिकवू! आठला जहाज थांबतं, कागदपत्रांची मंजुरी होईस्तोवर साडेआठ. मग जहाजाच्या सहलीवाले आधी, महागड्या खोल्यांवाले आधी, आणि आपण चिठ्ठीवरचा नंबर पुकारायची वाट पाहत नाट्यगृहात बसलेलो. परतीची शेवटची टेंडर जहाज सुटायच्या तासभर तरी आधी. मधला जेवणाचा, रांगेचा, बाथरूमचा वेळ काढला की हातात राहतात पाच तास. पाच तासांत एक किनारा नीट होतो. तीन करायला गेलात तर तीन टॅक्सी होतात.

म्हणून नाश्ता सातला उरका आणि चिठ्ठी पहिल्या झटक्यात घ्या. दहानंतर गर्दी ओसरते, चिठ्ठी लागत नाही, म्हणून पुष्कळ जण उशिरा उतरतात. मी तुम्हाला तसं सांगणार नाही, त्याचं कारण ऊन. आपलं नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर, तर बुझिओस दक्षिणेला पावणेतेवीसच्या आसपास. म्हणजे आरशात पाहिल्यासारखं. आपल्याकडे मे महिन्यात भरदुपारी सावली पायाखाली गडप होते, तसं तिथे डिसेंबर-जानेवारीत. तुम्ही म्हणाल, आम्हा नागपूरकरांना उन्हाची काय भीती? नाही, ते ऊन वेगळं आहे. आपली झळ अंगावर येते म्हणून आपण दुपट्टा बांधतो, खिशात कांदा ठेवतो. तिथे समुद्रावरून गार वारा येत असतो, त्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लालभडक नाकं दिसली की आम्ही वेटर लोक ओळखायचो, आज बुझिओस होतं.

टेंडरमध्ये चढताना दोन खलाशी उभे असतात. ते तुमचा पंजा धरत नाहीत, मनगटाच्या वर धरतात, आणि तुम्हीही त्यांचा तसाच धरायचा. बोट लाटेवर खालीवर होते, ते सांगतील तेव्हाच पाऊल टाकायचं. मोबाइल, पिशवी, चष्मा काहीही हातात नको. काकांच्या गुडघ्याला खरा त्रास इथेच आहे, गावात नाही. आणि साडीचं म्हणाल तर, काकू, त्या एका दिवसापुरता पंजाबी ड्रेस घाला. किनाऱ्यावर साडी नेसली म्हणून कोणी हसणार नाही, तिथे कोणी कोणाकडे पाहतच नाही. पण ओल्या काठाच्या निऱ्या आणि हलती बोट हे जमत नाही. एका बाईंचा पदर फळीच्या कडीत अडकलेला मी पाहिला आहे. पडल्या नाहीत, पण त्यानंतर दिवसभर त्या जहाजावरच बसून राहिल्या.

आता गाव. धक्क्यावरून समुद्र डाव्या हाताला ठेवून चालायला लागा. हा किनाऱ्यालगतचा रस्ता म्हणजे ओर्ला बार्दो. फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो १९६४ साली इथे येऊन राहिली, तोवर हे कोळ्यांचं खेडं होतं. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि खेड्याचं नशीब पालटलं. तिचा पुतळा वाटेत आहे, सुटकेसवर बसून समुद्राकडे पाहणारा. तिथे फोटोसाठी रांग असते, तुम्ही लावू नका. त्यापेक्षा पाण्याकडे पाहा: तीन कोळी जाळं ओढताना दिसतील. तेही पुतळेच. दोन्ही कामं क्रिस्तिना मोता या शिल्पकर्तीची. भरती असली की कोळी कमरेपर्यंत बुडतात, आणि पहिल्यांदा आलेला माणूस हमखास फसतो. मीही त्यांना हात केला होता.

सपाट रस्त्याने रमतगमत वीस मिनिटांत ओसुस नावाच्या छोट्या किनाऱ्याला पोचाल. ओसुस म्हणजे हाडं. गावाचं पूर्ण नाव आर्मासांव दुस बुझिउस: बुझिउस म्हणजे शंख, आणि आर्मासांव म्हणजे देवमासे मारून त्यांचं तेल काढायचा तळ. त्या देवमाशांची हाडं या किनाऱ्यावर पडून असायची म्हणून हे नाव, असं गावकरी सांगतात. वर टेकाडावर सांत आनाचं पांढरं चर्च आहे, अठराव्या शतकातलं, आपल्या एखाद्या खेड्यातल्या मारुतीच्या देवळाएवढं. चर्चपर्यंत नाही चढलात तरी चालेल. खाली झाडाच्या सावलीत काकांना बसवा आणि रंगीत होड्या पाहा.

इथून टेकडी ओलांडली की आझेदा. आझेदा म्हणजे आंबट. का आंबट ते मला चार हंगामांत कोणी धड सांगितलं नाही, पण गोड नाव दिलं असतं तर गर्दी दुप्पट झाली असती. पाणी शांत, हिरवट, अंबाझरीच्या तलावाला वारा नसतो तेव्हासारखं. चालत जायचं तर चढ आहे आणि मग पायऱ्या उतरायच्या. गुडघ्याला नको. धक्क्यावरून किंवा ओसुसवरून पाण्यातली टॅक्सी मिळते, म्हणजे छोटी मोटरबोट. ती वाळूजवळ सोडते, पाय घोट्यापर्यंत भिजतात. भाडं माणशी असतं. बसण्याआधी ठरवा आणि परत न्यायला किती वाजता येणार तेही ठरवा. समुद्र खवळलेला दिसला तर बोटीचा हट्ट नको. मोटारीची टॅक्सी करून ज्वांव फेर्नांदिस किनाऱ्याला जा, तिथे रस्ता थेट वाळूपर्यंत जातो.

जहाजाच्या सहलीचं विचारलंत. बहुतेक वेळा ती उघड्या ट्रॉलीगाडीतून असते. सात-आठ किनारे, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, उतरा-फोटो-चढा. वरातीत फिरवल्यासारखं. मला आवडत नाही. पण एक खरं: त्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या-माझ्यासाठी थांबत नाही. आणि काकांचा गुडघा खरोखरच वाईट असेल तर बसल्या जागी गाव दाखवणारी ती गाडीच बरी. माझी आवड तुमच्या गुडघ्यावर लादत नाही.

हुआ दास पेद्रास, म्हणजे दगडांची गल्ली, ही तिथली बर्डी, म्हणजे आपल्या सीताबर्डीसारखी बाजारपेठ. सगळे सांगतील, बघाच. पण ती जागी होते रात्री. सकाळी दुकानदार शटर अर्धं वर करून जांभया देत असतात. जायचंच तर तीननंतर जा आणि पायात सपाट चप्पल घाला. ओबडधोबड दगडांच्या अशा फरसबंदीला ब्राझीलमध्ये ‘पे जि मोलेकी’ म्हणतात, पोराचा पाय. गंमत म्हणजे शेंगदाण्याच्या चिक्कीलाही तिथे हेच नाव. गल्लीवरून एकदा चालून पाहिलं की चिक्की आणि रस्त्याचं नातं तळपायाला कळतं.

आणि एक गोष्ट, जी एकवीसपैकी एकानेही विचारली नाही. ब्राझीलहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. लस नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर चालते. दाखला नसेल तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तुम्ही दोघं साठीच्या पुढचे असणार. या वयात ही लस सरसकट देत नाहीत, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. तिकिटांआधी हे व्हायला हवं होतं, पण अजून वेळ आहे.

प्रश्न : आमचं जहाज बुझिओसला लागेल त्या दिवशी एकादशी येते आहे. सासूबाई सोबत आहेत आणि त्या कडक आहेत. जहाजावर फळं तरी मिळतील, पण गावात दिवसभर त्यांना काय देऊ? फराळाचे डबे न्यावेत का?
– महालातली एक सून

उत्तर : ताई, हे पत्र वाचून मी मेसमध्ये एकटाच हसत बसलो. सासूबाईंना सांगा, त्या उपवासाच्या माहेरी निघाल्या आहेत.

आपला साबुदाणा कशाचा? कसाव्याच्या कंदाचा. तमिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने आहेत, पण कंद मूळचा ब्राझीलकडचा. तिथे त्याला मांजिओका म्हणतात. खिचडीतला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथल्याच आन्दीज डोंगरांतला. हिरवी मिरची अमेरिकेतली, रताळं अमेरिकेतलं. पोर्तुगिजांनी आणि इतरांनी ही सगळी मंडळी गेल्या पाचशे वर्षांत जगभर पोचवली. म्हणजे ज्ञानोबा-तुकोबांपैकी ज्ञानोबांनी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असणं शक्य नाही. (हे सासूबाईंना वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.)

आता कामाचं. गावात तापिओका मागा. कसाव्याचं ओलसर पीठ कोरड्या तव्यावर चाळणीने पसरतात. ना तेल, ना पाणी, ना अंडं. उष्णतेनेच ते धरतं आणि पांढरंशुभ्र धिरडं होतं. त्यात ओलं खोबरं, केळं किंवा चीज घालून दुमडून देतात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आजीच्या साबुदाण्याच्या थालीपिठाची आठवण आली, फक्त भाजल्याचा वास कमी. ‘कोकु’ म्हणजे खोबरं, ‘बनाना’ म्हणजे बनानाच. तव्यावर आधी हॅमचं तापिओका झालं नाही ना, एवढं बघा. नवा तवा किंवा पुसलेला तवा मागितला तर ते वाईट मानत नाहीत. शिवाय शहाळं आहेच. बर्फात गार करून देतात, नको असेल तर तसं सांगा. मीठ-मसाला सासूबाई पिशवीतून नेतीलच.

किनाऱ्यावर छोट्या शेगडीत निखारे घेऊन पोरं फिरतात आणि काडीला लावलेलं केजु कोआल्यु नावाचं चीज समोर भाजून देतात. पनीर भाजल्यासारखं, दाताखाली चुर्र वाजतं. चीज उपवासाला चालतं का, हा वाद तुमच्या घरचा.

एरवीच्या दिवसासाठीही ऐकून ठेवा. ‘सें कार्नि’ म्हणजे मांसाशिवाय, असं कुठेतरी शिकून लोक जातात आणि पानात चिकन येतं. तिथे कार्नि म्हटलं की गाय-बैलाचं मांस. कोंबडी आणि मासा त्यांच्या लेखी त्यात येत नाही. म्हणून ‘सें फ्रांगु, सें पेशि’ हेही म्हणा. भात आणि राजम्यासारखी उसळ सगळीकडे मिळते, पण उसळीत बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा असतो. चीजचे गोल पाव, पांव जि केजु, छान लागतात, पण त्यांत अंडं असतं. शाकाहारी माणसाने ‘किलो’वाल्या खानावळीत जावं. ताट आपण भरायचं, वजन करून पैसे द्यायचे. दिसतं ते घ्यायचं, विचारायची गरज नाही. मी मेस सुरू केली तेव्हा हीच पद्धत आणायचा विचार होता. बायको म्हणाली, नागपूरचा माणूस तर्री वजनावर घेणार नाही.

आणि डबे नेऊ नका. जहाजावरचं अन्न किंवा फळं किनाऱ्यावर न्यायला मनाई असते.

प्रश्न : तिथे यूपीआय चालतं का? किती रोख न्यावी? – आयटी पार्कजवळून

उत्तर : नाही. त्यांचं स्वतःचं पिक्स आहे, त्यांच्या रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेलं. शहाळेवालासुद्धा कोड पुढे करतो. पण त्याला तिथलं बँक खातं लागतं, आपल्याला उपयोग नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. पाण्यातल्या टॅक्सीसाठी आणि फेरीवाल्यांसाठी थोडे रिआल रोख ठेवा. खुर्ची-छत्री ‘फुकट’ म्हणून बसवतील, मग ठरावीक रकमेचं खावं-प्यावं लागतं. आधी विचारा. पासपोर्टबद्दल जहाजावर सांगतील तसं करा. मंगळसूत्र, बांगड्या खोलीतल्या तिजोरीत राहू द्या.

भाषेला घाबरू नका, तिथे पोर्तुगीज बोलतात. माझा गोव्याचा सहकारी पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘अरे, ही तर आपलीच माणसं!’ पैसे देणे म्हणजे ‘पागार’, त्यावरून आपला पगार. चावी, साबण, बादली, घमेलं, पाव हे सगळं तिकडचंच. काजू तर पोर्तुगीजही नाही, तो शब्द तिथल्या मूळच्या तुपी लोकांचा. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ म्हणायचं, बाईने ‘ओब्रिगादा’. आलो-आले करणाऱ्यांना हे काही जड नाही.

प्रश्न : ब्राझीलची संत्री आपल्यापेक्षा चांगली का? – काटोलचा एक बागायतदार

उत्तर : दादा, ती वेगळीच. संत्र्याच्या रसाच्या निर्यातीत ब्राझील जगात पहिला, पण ती रसाची जात, सालीला घट्ट चिकटलेली, आपल्या मोसंबीच्या वळणाची. हाताने सोलता येणाऱ्याला तिथे तांजेरीना किंवा मेशेरिका म्हणतात. खाल्ली आहे. आपली जिंकते. हे मी नागपुरात राहतो म्हणून म्हणत नाही, थोडंसं म्हणूनच म्हणतो.

प्रश्न : काका, मी सातवीत आहे. एवढं ऊन असून तिथला समुद्र थंड कसा? – वर्धा

उत्तर : शाब्बास, हा एकवीस पत्रांतला सगळ्यात चांगला प्रश्न. बुझिओसजवळ काबु फ्रिउ नावाचं शहर आहे, आणि नावाचा अर्थच थंड भूशिर. १९९५ पर्यंत बुझिओस त्याच शहराचा भाग होतं. तिथे किनारा एकदम वळतो. उन्हाळ्यात ईशान्येकडून वारा वाहतो आणि वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो. मग ती जागा भरायला खोलातलं गार पाणी वर येतं. टाकीतलं वरचं तापलेलं पाणी काढलं की खालचं गार लागतं, तसंच समज. गार समुद्रावर ढगही कमी बनतात, म्हणून त्या भागात पाऊस कमी आणि टेकड्यांवर चक्क निवडुंग. जवळच्या आरारुआमा खाजणात पूर्वीपासून मिठागरं आहेत, तीही याच कोरड्या हवेमुळे. आझेदा आडोशाला आहे, तिथे त्यातल्या त्यात बरं. उघड्या समुद्राकडच्या झेरिबाच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय घातलास तर ओरडशील.

प्रश्न : जहाज चुकलं तर काय होतं? तुमचं कधी चुकलं का? – धरमपेठ

उत्तर : चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जायचं. बुझिओसहून रिओ रस्त्याने तीन तासांच्या आत-बाहेर, तेवढं एक बरं.

माझं चुकलं नाही, पण थोडक्यात. त्या वेळी ब्राझीलच्या दक्षिणेकडची राज्यं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत. २०१९ पासून ते बंद झालं. बाहिया राज्य मात्र करत नसे. आम्ही बाहियातल्या साल्वादोरहून बुझिओसला आलो, रात्री जहाजाची घड्याळं पुढे झाली, मनगटावरचं माझं घड्याळ तसंच राहिलं. दुपारी मी आझेदाला पाण्यात पाय सोडून शहाळं पीत बसलो होतो. माझ्या हिशोबाने अजून सव्वा तास होता. शेजारी एक म्हातारं प्रवासी जोडपं घाईघाईने टॉवेल गुंडाळायला लागलं. मी मनात म्हटलं, केवढे घाबरट लोक! मग बाईंच्या मनगटाकडे लक्ष गेलं.

पाण्यातली टॅक्सी बघायला वेळ नव्हता. टेकडी चढलो, ओसुस ओलांडलं, ओर्ला बार्दोवरून धावलो. पट्टा तुटलेली चप्पल एका हातात, शहाळं दुसऱ्या हातात. शहाळं का टाकलं नाही ते आजही सांगता येणार नाही. आमची, म्हणजे कर्मचाऱ्यांची वेळ प्रवाशांच्याही आधी संपते, ती केव्हाच संपली होती. प्रवाशांच्या शेवटच्या टेंडरमध्ये मला घेतलं. धक्क्यावरचा अधिकारी एक शब्द बोलला नाही, त्याने फक्त स्वतःचं घड्याळ माझ्यासमोर धरलं.

महिनाभर किनाऱ्यावर उतरायला बंदी झाली. पुढच्या फेरीला बुझिओस आलं तेव्हा मी भटारखान्याच्या मागच्या गोल खिडकीतून गाव पाहत बटाटे सोलत होतो. संध्याकाळी गोव्याचा मित्र परत आला आणि कागदी रुमालात गुंडाळलेलं खोबऱ्याचं तापिओका माझ्या हातावर ठेवलं. थंड झालं होतं, वातड झालं होतं. उभ्याउभ्या खाल्लं.